तिसऱ्या हाकेची ओ

भालकीकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर सर्व्हरला उसाचं वजन कळवायचा. उत्तर आलं नाही, तर तो तीनदा हाक मारायचा. कारखान्याची प्रोग्रामर शिवकन्या, तिनंच जावा भाषेत तसा प्रोग्राम लिहिला होता.

कालपासून मात्र सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, भलतीच हाक दिसायला लागली. ती दर वेळी एकदाच यायची, कुठून ते कळायचं नाही, आणि ‘कन्नू’ नावाची सर्व्हिस, म्हणजे हाकेला उत्तर देणारा प्रोग्राम, मागायची. तशी सर्व्हिसच नव्हती. मग एरर यायचा, सर्व्हर बंद पडायचा आणि काट्यावर उसाच्या गाड्या तुंबायच्या.

शिवकन्याला कन्नू म्हणणारी फक्त तिची आई.

“कुणीतरी चेष्टा करायलंय,” ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावरची विजयश्री हसली नाही. “अक्का, एका हाकेला ओ देऊ नको. भूत एकदाच हाक मारतंय, आपलं माणूस तीनदा.”

पण बाहेर ड्रायव्हर बोंबलत होते. शिवकन्यानं वैतागून ‘कन्नू’ नावाची सर्व्हिस लिहून टाकली आणि उत्तरात एकच अक्षर ठेवलं: ओ.

हाक आली. उत्तर गेलं. एरर थांबला आणि गाड्या हलल्या.

दुपारी आई डबा घेऊन आली. व्हरांड्यातूनच तिनं हाक दिली, “कन्नू!”

शिवकन्यानं तोंड उघडलं. आवाज फुटेना.

“कन्नू, बोलंनास कामून?”

उठायला गेली, तर पाय हलेनात.

“कन्नू!”

“ओ!” काट्याच्या बाजूनं उत्तर आलं, शिवकन्याच्याच आवाजात.

“तिकडं हायस व्हय!” आई हसून म्हणाली, आणि डबा घेऊन काट्याकडं निघाली.