अंदाजे चार

आज अबोलीला अठरा वर्षं पूर्ण झाली, म्हणजे आजच तिला बालगृह सोडावं लागणार होतं. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. मुदतवाढीसाठी खोब्रेकरबाईंनी अर्ज केले, फोन केले, पण नियमावर बोट ठेवून सगळे मोकळे झाले. शेवटी त्यांनी ओळखीत कुणाच्या तरी घरामागची खोली मिळवली. एकवीस वर्षं अधीक्षिका म्हणून काढल्यावर आता मुलींना निरोप द्यायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

अबोली सही करायला आली तेव्हा टेबलावर प्रवेशाचं जुनं रजिस्टर उघडं होतं. तिच्या नावापुढचं अक्षर बाईंचंच होतं.

"आजच्याच दिवशी तू बसस्टँडवर सापडलीस. डॉक्टर म्हणाले, वय तीन असेल, नाहीतर चार," बाई मान वर न करता म्हणाल्या. "मी चार लिहिलं. शाळेत एक वर्ष लवकर घेतील म्हणून. तुझं एक वर्ष मीच खाल्लं गं."

अबोलीने रजिस्टर स्वतःकडे वळवून ती ओळ वाचली. स्वयंपाकघरातून तुपात रवा भाजल्याचा वास येत होता. इथे प्रत्येकीच्या वाढदिवसाला शिरा व्हायचा.

"म्हणजे मी आज सतराचीच झाले असेन?"

"असशीलही."

तिने सही केली, ट्रंक उचलली आणि दारातून वळून म्हणाली, "मग बाई, आजचा शिरा बाकीच्या पोरींना वाढा. माझा पुढच्या वर्षी करा. मी येईन खायला."