शॅल, विल आणि वेणूचं लग्न

नौपाड्याचे त्र्यंबकराव कचेरीत कारकून, तर कल्याणचे नारोपंत इंग्रजीचे मास्तर. त्र्यंबकरावांच्या वेणूचं नारोपंतांच्या मुलाशी ठरलं, साखरपुडा झाला आणि निघताना नारोपंत ऐटीत म्हणाले, "आय विल कम ऑन संडे."

"शॅल म्हणा, पंत," त्र्यंबकरावांनी टोकलं. "'आय'पुढे शॅलच. शॅल म्हणजे नुसतं येणार. विल म्हणजे हट्टाने येणार."

"मग मी हट्टानेच येणार!" असं म्हणून नारोपंत गेले, ते आलेच नाहीत.

बघता बघता सगळे सोयरे दोन तटांत विभागले गेले. कुणाच्या मुंजीत शॅलवाल्यांची पंगत ओटीवर बसली, तर विलवाल्यांची अंगणात. एकमेकांच्या हातचं पाणीही घेईनात. ज्यांना एबीसीडी येत नव्हती, तेच जास्त तावातावाने भांडत होते. इकडे आषाढ तोंडावर आला, मुहूर्त संपत आले आणि वेणूच्या आईने डोळ्यांना पदर लावला. शेवटी दोघे व्याही निवाड्यासाठी एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर गेले.

साहेब हसत सुटला. "काहीही म्हणा. मी तर दोन्ही म्हणतो."

परतताना तळ्याकाठी येताच त्र्यंबकरावांनी नारोपंतांचा हात घट्ट धरला. त्याच आठवड्यात लग्न लागलं आणि शॅलवाले, विलवाले एका पंगतीत मांडीला मांडी लावून जेवले.



जेवणं आटोपल्यावर त्याच पंगतीने, इंग्रजी भाषा बाटवली म्हणून, साहेबाला एकमताने वाळीत टाकलं.