मोबाइलवरही चालेल

हर्षाने पंखा बंद केला, खिडकी लावली आणि मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. बुटीबोरीच्या कंपनीने मुलाखतीला बोलावलं नव्हतं, नुसती लिंक पाठवली होती. ती उघडायची, कॅमेऱ्याकडे बघून स्वतःबद्दल बोलायचं. व्हिडिओ तिथेच रेकॉर्ड होणार आणि तिथूनच जाणार. दुसरी संधी नाही. ‘मोबाइलवरही चालेल’ असं वर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं. लिहिणाऱ्याच्या टेबलावर नक्कीच लॅपटॉप असणार.

महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या त्या एका खोलीत सकाळपासून हीच तयारी चालली होती. वरच्या कांताबाईंनी मिक्सर लावणार नाही असं कबूल केलं होतं. राहिला होता वडिलांचा, मधुकररावांचा खोकला. तो कोणाचं ऐकत नसे.

“मी गल्लीच्या टोकावर जाऊन बसतो वं,” ते म्हणाले. “झालं की सांगजो.”

“बाबा, ऊन किती आहे बाहेर!”

“मले काय होते उन्हानं?”

हर्षाने लाल बटण दाबलं. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. मग घसा मोकळा झाला आणि शब्द आपोआप येऊ लागले. आपल्याला जमतंय, असं तिला वाटलं. तेवढ्यात पडद्यावर ‘बाबा’ झळकलं.

फोन सायलेंटवर होता. पण आवाज बंद केला म्हणून कॉल यायचे थांबत नाहीत. बाबांचा कॉल लगेच कटलाही. काही विचारायचं असलं की मिस कॉल द्यायचा, ही मधुकररावांची जुनी सवय. कॅमेऱ्याची चौकट मात्र काळी पडली होती. मग पान आपसूक बदललं: ‘रेकॉर्डिंग थांबले. आपला व्हिडिओ जमा झाला आहे. धन्यवाद.’

ती लिंक दाबत राहिली. दर वेळी तेच धन्यवाद. राग इतका आला की रडू येईना, आणि काढायचा कोणावर तेही कळेना. शेवटी तिने बाबांना फोन लावला.

“झालं काय वं?”

“झालं, बाबा.”

“चांगलं झालं ना?”

“हो.”

“मिस कॉल देला होता मी. तू उचलला नाही, तवाच समजलो, चालू आहे म्हणून. मंग परत नाही केला. म्हटलं, पोरीले तरास नको.”

पलीकडून जड श्वास तेवढा ऐकू येत होता.

“मंग आता खोकलू काय मी? केव्हाचा दाबून बसलो.”