कोरसमधली एक

तरुणपणी आपण एका भावगीताच्या कोरसमध्ये गायलो होतो, हे कुमुदताईंचं बोलणं नेरूळच्या घरात कुणी खरं धरत नसे. रेकॉर्डवर नाव फक्त गायिकेचं, आणि जुन्या सुईखाली कोरस म्हणजे नुसती खरखर. शेवटी नात ईश्वरीने चार ठिकाणी विचारून रेकॉर्डप्लेअरचं नवं, सुईसकटचं कार्ट्रिज आणलं, इवल्याशा वजनकाट्यावर सुईचा भार पावणेदोन ग्रॅम जुळवला आणि रेकॉर्ड लावली. कोरसमधले सहा आवाज सुटे सुटे ऐकू आले.

"यातली तू कुठली गं, आजी?"

कुमुदताई कान टवकारून बसल्या. त्यांनाही स्वतःचा आवाज ओळखू येईना. तेवढ्यात ध्रुवपदाला एक आवाज सगळ्यांच्या आधीच घुसला.

"ही कोण आगाऊ?" ईश्वरी हसली.

"मीच!" कुमुदताईंनी टाळी वाजवली. "या चुकीपायी तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते."