काचेवरचा थर

अर्धांगाच्या झटक्यानंतर इंदुमतीबाईंनी उजव्या हाताची आशाच सोडली होती. व्यायाम कर म्हटलं की तोंड फिरवायच्या. घरात काहीतरी हलतं-फिरतं असावं म्हणून दत्तारामांनी कुणाचा तरी जुना फिशटँक आणला. बोअरच्या पाण्याने काचेवर क्षारांचा पांढरा थर बसला होता. घासघासून ते दमले.

"अहो, व्हिनेगरचं फडकं चिकटवून ठेवा जरा," बाई खुर्चीतून म्हणाल्या.

तासाभराने थर भुसभुशीत झाला. दत्ताराम वरवर पुसू लागले, ते बाईंना बघवेना. त्यांनी टँक पुढ्यात ओढून घेतला, डाव्या हाताने घट्ट धरला आणि उजव्याने पुसायला लागल्या. हात थरथरत होता, पण काच उजळत होती.

दत्ताराम श्वास रोखून बघत राहिले. त्यांची नजर बाईंनी ओळखली. क्षणभर त्या स्वतःच्या हाताकडे बघत थांबल्या.

मग म्हणाल्या, "फडकं पिळून द्या. तीन बाजू राहिल्यात अजून."