काकूचं गंगावन

शाळेच्या नाटकात गोपिका राजा झाली, म्हणून काकूनं चिडून तिची वेणी कचकन कापली. वर त्याच वेणीचं गंगावन करून आपल्या विरळ केसांत गुंफलं आणि अख्ख्या महाल मोहल्ल्यात मिरवलं!

चार महिन्यांत गोपिकाचे केस बोटभरही वाढले नाहीत. कमरेपर्यंतचं गंगावन मात्र काकूच्या गुडघ्याला लागलं.

"केस कातडीच वाढवते, असं आमच्या बाई शिकवतात. मंग कापलेली वेणी काहून वाढून राहिली, काकू?"

"जळून राहिली काय वं, टकले?"

गोपिकाचं डोकं सणकलं. "माही वेणी दे!" म्हणत तिनं हिसका मारला आणि गंगावन उपटूनच घेतलं.

कापलेल्या टोकावर कोवळी, कोमट कातडी धरली होती. गोपिकाचं बोट लागताच त्या कातडीवर सर्रकन काटा आला.