सुटलेली लेस

"बाईंनी बुटाची लेस बांधायला सांगितली, तर बांधायची नाही. कळलं ना बबडे?" शाळेतल्या तपासणीच्या खोलीबाहेर आई पुन्हा पुन्हा तेच बजावत होती. लेस बांधायला लेकीला शिकवलं होतं तिनेच, रोज जिन्यात बसवून, जमली की टाळी देऊन. पण बबडीला सगळं जमतंय असं दिसलं असतं, तर शाळेने तिच्या मदतनीस ताई काढून घेतल्या असत्या. आणि ताई शेजारी नसल्या की बबडी कानांवर हात दाबून बाकाखाली शिरायची.

आत तपासणाऱ्या बाईंनी लेस बांधायला सांगितली. बबडी हाताची घडी घालून ढिम्म बसून राहिली.

"बरं, हिच्या मदतनीस ताई यंदाही राहू देत," बाई म्हणाल्या. आईच्या जिवात जीव आला. ती घाईघाईने उठली, पण बबडी जागची हलेना. बाईंच्या बुटाची लेस सुटून जमिनीवर लोळत होती, आणि ती बांध असं कोणीच सांगितलं नव्हतं.



बबडीने खाली बसून ती झक्कपैकी बांधली आणि आईपुढे हात धरला, "टाळी!"